पालीची शेपटी आणि शॅमेलिऑनची शेपटी

दाराच्या फटीत सापडलेली पाल शेपटी तिथेच टाकून पसार होते आणि ती तुटलेली शेपटी जमिनीवर वळवळत राहते, हे दृश्य पाहिले नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. काही आठवड्यांनी त्याच पालीला नवी, जराशी आखूड आणि थोड्या वेगळ्या रंगाची शेपटी फुटलेली दिसते. त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्याची शेपटी म्हणजे नखासारखी वस्तू, गेली तर पुन्हा येणारच, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. पालीच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण घरात ठेवलेल्या शॅमेलिऑनच्या बाबतीत हीच समजूत त्या प्राण्याच्या जिवावर बेतते. त्याची शेपटी आपोआप गळत नाही आणि एकदा गेली की पुन्हा येत नाही. म्हणूनच शॅमेलिऑनच्या शेपटीची जखम किरकोळ मानू नये, हे आज ठामपणे सांगायचे आहे.

आरोग्याच्या सदरात सरड्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. काम आहे. एक तर या प्राण्याला इजा झाली की घरातले लोक माणसांच्या औषधांचा डबा उघडतात आणि त्यातले हाताला लागेल ते त्याच्यावर वापरतात. दुसरे असे की, हा प्राणी ज्या घरात असतो त्या घरात बहुधा लहान मुले असतात आणि त्यांच्या आरोग्याशीही या गोष्टीचा संबंध येतो.

हा प्राणी कोणता?

कुंपणावर मान खालीवर करणारा आणि चाहूल लागताच धूम ठोकणारा तो आपला नेहमीचा बागेतला सरडा. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्याच्यावरूनच पडली असावी. शॅमेलिऑन वेगळा. काही भागांत त्याला सरडगुहिरा किंवा घोयरा म्हणतात. तो धावत नाही. वाऱ्याने पान हलावे तसा झुलत झुलत एकेक पाऊल टाकतो. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. पायाची बोटे दोन आणि तीन अशा गटांत जोडलेली असतात, त्यामुळे पाऊल चिमट्यासारखे फांदीला धरते. लांब जीभ फेकून तो किडे पकडतो. आणि त्याची शेपटी? ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते किंवा फांदीला वेढा घालून बसलेली असते.

भारतात याची एकच जात आढळते. कोरड्या रानात, बाभळी-बोरीच्या झुडपांत, शेताच्या बांधावर ती दिसते. रस्ता ओलांडताना सापडला म्हणून खोक्यात घालून मुले याला घरी आणतात. मोठ्या शहरांतील हौशी मंडळींकडे परदेशी जातीही असतात. त्यांत येमेन भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला आणि मादागास्करचा, भडक रंगांचा, हे दोन जास्त प्रसिद्ध आहेत. जात कोणतीही असो, शेपटीची गोष्ट सर्वांना सारखीच लागू पडते.

पुन्हा का येत नाही?

पालीच्या शेपटीच्या मणक्यांत निसर्गानेच कमकुवत जागा ठेवलेल्या असतात. शत्रूने शेपटी धरली की त्या जागी स्नायू आकसतात, मणका दुभंगतो आणि रक्तवाहिन्याही लगेच आवळल्या जातात. म्हणून पालीला फारसा रक्तस्राव होत नाही. पुढे जी शेपटी फुटते तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते. म्हणजे पालीची नवी शेपटीही मूळ शेपटीची नक्कलच.

शॅमेलिऑनच्या शेपटीत अशी सोय नाही. ती खऱ्या मणक्यांची, स्नायूंची, नसांची आणि रक्तवाहिन्यांची बनलेली असून अगदी टोकापर्यंत जिवंत असते. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याला ती पाचव्या हातासारखी उपयोगी पडते. एका फांदीवरून दुसरीवर जाताना तोल सांभाळायचा तो शेपटीने आणि पाय निसटला तर लोंबकळून राहायचे तेही शेपटीच्या जोरावर. तेव्हा या शेपटीला झालेली जखम आपल्या हाताला झालेल्या जखमेएवढ्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

जखम होते कशी?

शेपटी दारात किंवा पेटीच्या झाकणात चेमटणे हे कारण सर्वांना सुचते. पण त्याहून अधिक सावध राहावे अशी कारणे डोळ्यांना चटकन दिसत नाहीत.

पहिले कारण कातीचे. शॅमेलिऑन कात टाकतो ती सापासारखी अखंड नव्हे, तर तुकड्या-तुकड्यांनी. हवा फार कोरडी असेल किंवा प्राण्याला पुरेसे पाणी मिळत नसेल, तर शेपटीच्या टोकाशी जुनी कात अंगठीसारखी अडकून राहते. ती वाळते, आवळत जाते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तोडते. बोटाला दोरा घट्ट गुंडाळून ठेवावा तसाच हा प्रकार. शेपटीला खरोखरच केस किंवा दोरा गुंडाळला गेला तरी परिणाम तोच होतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा प्राणी सहसा वाटीतले पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. वाटी भरून ठेवली म्हणजे पाण्याची सोय झाली, असे मानणाऱ्या घरात तो हळूहळू सुकत जातो.

दुसरे कारण भाजण्याचे. ऊब मिळावी म्हणून पेटीत दिवा लावतात आणि प्राणी त्याला चिकटून बसतो. या वर्गातल्या प्राण्यांना त्वचा भाजत असतानाही पटकन बाजूला होण्याचे भान राहत नाही.

तिसरे कारण दाताचे. एका पेटीत दोन शॅमेलिऑन ठेवले तर ते भांडतात आणि चावतात. त्यांच्या खाण्यासाठी सोडलेले रातकिडे रात्रभर पेटीत राहिले तर तेही झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात. ज्याला आपण खाद्य म्हणून सोडले त्यानेच खाणाऱ्याला जखमी करावे, असा हा उलटा प्रकार आहे.

चौथे कारण हाडांचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. कॅल्शियम कमी पडले आणि थेट सूर्यप्रकाश मिळाला नाही, तर मुलांना मुडदूस होतो तशीच या प्राण्याची हाडे मऊ पडतात. मग शेपटीला बाक येतो, किंवा साध्या धक्क्याने मणका मोडतो. खिडकीच्या काचेतून ऊन येते म्हणून निश्चिंत राहू नये. हाडांना हवे असलेले जंबुपार किरण साधी काच अडवून धरते. त्यात काचेची बंद पेटी उन्हात ठेवली तर तिची भट्टीच होते. अशा वेळी शेपटीची जखम हा मूळ आजार नसून आजाराची खूण असते. केवळ जखमेला मलमपट्टी करून ती खूण झाकली जाते, आजार आतल्या आत वाढत राहतो.

काळे पडलेले टोक

शेपटीचे टोक काळपट, सुरकुतलेले आणि काडीसारखे कोरडे झाले, तर तेथला रक्तपुरवठा बंद पडून तो भाग मेला आहे असे समजावे. यालाच कोरडे गँग्रीन म्हणतात. काळा भाग आणि निरोगी भाग यांच्यामध्ये कधी कधी स्पष्ट सीमा दिसते. ती सीमा कोठे आहे हे रोज पाहणे, तिच्याशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढून ठेवणे, हे घरच्या माणसाने करण्याजोगे फार उपयोगी काम आहे. सीमा अंगाकडे सरकू लागली तर एक दिवसही थांबू नये.

शेपटी सुजली, ओलसर झाली, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली तर जंतुसंसर्ग झाला आहे असे मानावे. तो रक्तात पसरला तर प्राणी दगावतो. याशिवाय दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे, पायांची पकड सैल होणे, खाणे सोडणे आणि अंगाचा रंग सतत काळवंडलेला राहणे, ही लक्षणे शेपटीच्या जखमेसोबत दिसली तर दुखणे शेपटीपुरते उरलेले नाही. रंग बदलणे हा याचा स्वभाव आहे हे खरे. पण तासन् तास टिकणारा काळवंडलेला रंग ही त्याची तक्रार असते. आवाज काढून रडणारा हा प्राणी नाही, हे विसरू नये.

औषधांचा डबा बंद ठेवा

आपल्याकडे जखम म्हटली की हळद आली, चुना आला, भाजले असेल तर टूथपेस्ट आली. या प्राण्याच्या जखमेवर यांपैकी काहीही लावू नये. पूड जखमेत घट्ट बसते, तिच्याखाली घाण साचते आणि तपासणाऱ्याला जखमेचा खरा रंगही दिसत नाही. चुना त्वचा जाळतो. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जिवंत मांसालाही इजा करतात. जखम बधिर करणारी मलमे तर मुळीच वापरू नयेत.

पोटात देण्याच्या औषधांचा धोका याहून मोठा. साधा हिशेब करून पाहा. ५०० मिलिग्रॅमची तापाची गोळी आपण साधारण ६० किलो वजनाच्या माणसाला देतो. शॅमेलिऑनचे वजन १०० ग्रॅम धरले तर तो त्या माणसाच्या सहाशेव्या हिश्शाएवढा झाला. त्याला पाव गोळी जरी दिली तरी वजनाच्या मानाने ती माणसाच्या मात्रेच्या दीडशे पट होते. ‘थोडीशीच दिली’ या शब्दांना येथे काही अर्थ उरत नाही.

आणखी तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. रक्त थांबावे म्हणून शेपटीला दोरा किंवा रबर बांधू नये. अडकलेली कात ओढून काढू नये; तिच्यासोबत खालची कोवळी त्वचाही सोलून निघते. आणि काळे पडलेले टोक घरच्या कात्रीने वा ब्लेडने कापू नये. मेलेला भाग नेमका कोठे संपतो हे वरून दिसते त्यापेक्षा वेगळे असू शकते आणि भूल न देता जिवंत मणका कापणे हे शुद्ध क्रौर्य आहे.

मग तातडीने काय करावे?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉजची घडी जखमेवर धरून पाच ते दहा मिनिटे हलकासा दाब द्यावा. मध्ये मध्ये उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर निर्जंतुक सलाईनने जखम हलकेच धुवावी. पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केले तर तेही जखम पुसण्यासाठी चालते. कात अडकली असेल तर पेटीतल्या पानांवर कोमट पाण्याचा बारीक फवारा मारून हवेत ओलावा वाढवावा आणि ओल्या कापसाने ती जागा भिजवावी. सुटली तर ठीक, न सुटल्यास जोर करू नये.

त्यानंतर प्राण्याला स्वच्छ, शांत जागी ठेवावे. तळाशी माती किंवा भुसा न घालता साधा कागद पसरावा. फांद्या खाली आणाव्यात, म्हणजे पकड सुटली तरी तो उंचावरून पडणार नाही. पेटीतले सर्व किडे काढून टाकावेत आणि दिव्याला त्याचा स्पर्श होणार नाही असे अंतर ठेवावे. ऊब मात्र बंद करू नये. याच्या शरीराला स्वतःची उष्णता निर्माण करता येत नाही. थंडीत त्याची जखम भरत नाही आणि औषधही नीट लागू पडत नाही. जबरदस्तीने तोंड उघडून भरवण्याच्या फंदात पडू नये.

दवाखान्यात नेताना भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक आडवी काठी घट्ट बसवावी, तो तिला धरून बसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून किंवा गाडीच्या डिकीत टाकून नेऊ नये.

गुरांच्या डॉक्टरांकडे जावे का?

‘आमच्या गावात फक्त गुरांचा दवाखाना आहे, तेथे सरडा घेऊन कसे जायचे?’ ही अडचण खरी आहे. पण संकोच करू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकाने शॅमेलिऑनवर यापूर्वी उपचार केले नसतील. तरीही जखम साफ करणे, प्राण्याचे ग्रॅममध्ये वजन करणे, मेलेला भाग ओळखणे, एवढे त्यांना निश्चित येते. पुढचा सल्ला ते पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडून घेऊ शकतात. आपल्या राज्यात मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या गावापासून परळ दूर असेल, पण दूरध्वनी दूर नाही.

डॉक्टर बहुधा क्ष-किरण चित्र काढून हाडांची स्थिती पाहतील. संसर्ग असेल तर प्रतिजैविक देतील. ते किती आणि किती दिवसांच्या अंतराने द्यायचे, याचे या प्राण्यांचे गणित माणसाहून आणि गुरांहूनही वेगळे असते. काही औषधे तर तीन दिवसांतून एकदाच टोचतात. शेपटीचा भाग मेलाच असेल तर पूर्ण भूल देऊन तो निरोगी भागापर्यंत कापावा लागतो. टाके चार ते सहा आठवडे ठेवतात, कारण यांची त्वचा फार सावकाश जुळते. ‘शेपटी कापायची’ या कल्पनेने घरचे लोक हळहळतात आणि चालढकल करतात. पण वेळीच कापलेल्या एक इंचावर भागते, ते महिनाभर थांबले तर अर्ध्या शेपटीवर जाते आणि त्याहून उशीर झाला तर प्राणीच हाती लागत नाही. आखूड शेपटीचा शॅमेलिऑन जगू शकतो. त्याला जाड, जवळजवळ आणि कमी उंचीवर फांद्या लावून दिल्या की तो सावरतो.

घरातल्या माणसांचे काय?

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी स्वतः ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडतात आणि माणसाला ताप, जुलाब, उलट्या होतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजाराने अशक्त झालेली माणसे यांना त्याचा विशेष त्रास होतो. जखम धुतल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. पेटी, भांडी, कापड स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत. आणि ‘हात लावला तर विष चढते’ अशी भीती मात्र बाळगू नये. हा प्राणी विषारी नाही. त्याला दगड मारणाऱ्या मुलांना हे सांगण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

मूळ प्रश्न

आता जो मुद्दा अनेकांना आवडणार नाही, तो मांडतो. आपल्या रानातला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनच्या या जातीही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या यादीत आहेत आणि कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, तसेच २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे आवश्यक झाले आहे.

या कायद्याचा एक विपरीत परिणाम घडतो. लपवून ठेवलेला प्राणी जखमी झाला की मालक दवाखान्यात जायला घाबरतो. ‘डॉक्टरांनी विचारले तर?’ या धास्तीने हळद आणि दोरा हेच उपचार उरतात आणि शेपटीचे काळे टोक वर सरकत राहते. म्हणजे हौस माणसाची आणि शिक्षा भोगतो तो मुका जीव. माझे मत स्पष्ट आहे: ज्याला आजारपणात उघडपणे डॉक्टरकडे नेता येत नाही, तो प्राणी पाळण्याचा आपल्याला अधिकारच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हा साधा माणुसकीचा नियम आहे. शिवाय वर सांगितलेली बहुतेक कारणे पाहा. कोरडी पेटी, दिवा, काच, चुकीचे पाणी. बाभळीवर बसलेल्या शॅमेलिऑनच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

रस्त्यावर वाहनाखाली सापडलेला, मांजराने धरलेला किंवा पतंगाच्या मांजात अडकलेला शॅमेलिऑन हाती लागला तर त्याला जरूर उचलावे, पण ठेवून घेऊ नये. असा वन्यप्राणी ताब्यात आल्यावर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी लक्षात ठेवावा. घरात आधीच असा प्राणी असेल तर जखम चिघळण्याची वाट न पाहता वनखात्याशी संपर्क साधून तो त्यांच्या स्वाधीन करावा. जखमेसह परस्पर रानात सोडून देणे हा मात्र सुटकेचा मार्ग नव्हे. पकड गेलेला प्राणी झाडावर टिकत नाही.

आणि ज्या घरांत मुलगा शाळेतून येताना खोक्यात हा प्राणी घेऊन येतो, त्या घरातल्या आईवडिलांना एकच विनंती. त्याला रागावू नका. त्याच्या कुतूहलाला नावे ठेवू नका. त्याला घेऊन त्याच बांधावर जा, जेथून आणला त्याच झुडपावर त्याला सोडा आणि थोडा वेळ तेथेच उभे राहा. फांदीला शेपटीचा वेढा कसा पडतो, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.